तेवढीच मते, मग जागा कुठे १६ आणि कुठे ५७?

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेचा निकाल लागला आणि संध्याकाळपर्यंत बहुतेकांचे लक्ष एकाच आकड्यावर खिळले होते: महायुती २३०. त्या गडबडीत दुसरी एक जोडी फारशी कुणाच्या नजरेत भरली नाही. काँग्रेसला राज्यभरात ८० लाख २० हजार ९२१ मते पडली होती आणि एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेला ७९ लाख ९६ हजार ९३०. फरक चोवीस हजारांच्याही आत, म्हणजे २८८ मतदारसंघांत वाटला तर प्रत्येकी जेमतेम ८३ मतांचा, आणि तोही काँग्रेसच्या बाजूने. तरीही काँग्रेसचे १६ आमदार निवडून आले आणि शिंदे यांच्या शिवसेनेचे ५७. दोन्ही राष्ट्रवादींचा हिशोब तर याहून चमत्कारिक आहे. शरद पवार यांच्या पक्षाला ११.२८ टक्के मते आणि १० जागा मिळाल्या. अजित पवार यांच्या पक्षाला ९.०१ टक्के मते आणि ४१ जागा.

हे आकडे पहिल्यांदा ऐकणारा माणूस साधारणपणे दोनपैकी एक निष्कर्ष काढतो: एक तर कुठेतरी घोळ आहे, किंवा टक्केवारी हे प्रकरणच निरर्थक आहे. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. मतांचे रूपांतर जागांत कसे होते हे एकदा नीट पाहिले, तर यातले बरेचसे कोडे साध्या गुणाकार-भागाकाराने सुटते.

मुळात विधानसभेची निवडणूक ही एक निवडणूक नसते. त्या एकाच दिवशी झालेल्या २८८ निवडणुका असतात आणि त्या प्रत्येकीचा निकाल दुसरीशी काडीचाही संबंध न ठेवता लागतो. नियम एकच: त्या मतदारसंघात ज्याला इतर प्रत्येकापेक्षा जास्त मते, तो आमदार. निम्म्याहून अधिक मते मिळवण्याची अट नाही आणि पक्षाच्या राज्यभरातील एकूण मतांना कायद्याच्या दृष्टीने जागावाटपात काहीही स्थान नाही. मालेगाव मध्य येथे १ लाख ९ हजार ४९१ मते मिळवणारा उमेदवार १६२ मतांनी पडला. मुंबईत माहीमला ५० हजार २१३ मते मिळवून महेश सावंत आमदार झाले. मालेगावच्या पराभूत उमेदवाराची मते माहीमच्या विजेत्याच्या दुपटीहून जास्त होती, परंतु त्यांचा जागांच्या तक्त्यातील हिशोब शून्य. उलट शिरपूरला भाजपचे काशीराम पावरा १ लाख ४५ हजार ९४४ मतांच्या आघाडीने, म्हणजे राज्यातील सर्वांत मोठ्या मताधिक्याने, निवडून आले; पण १ लाख ४५ हजारांनी जिंकले काय आणि साकोलीत नाना पटोले जिंकले तसे २०८ मतांनी जिंकले काय, सभागृहात खुर्ची एकच मिळते.

आता टक्केवारीकडे येऊ, कारण खरी गफलत तिथेच होते. वर्तमानपत्रात पक्षापुढे छापलेली टक्केवारी राज्यातील सर्व २८८ मतदारसंघांतील एकूण मतांवर काढलेली असते, मग त्या पक्षाने जागा कितीही लढवलेल्या असोत. ज्या मतदारसंघात पक्षाचा उमेदवारच नाही तिथे त्याला मते पडण्याचा प्रश्नच येत नाही, तरीही तिथली सगळी मते भाजकात मोजली जातात. २०२४ मध्ये काँग्रेसने १०१ जागा लढवल्या आणि शिंदे यांच्या शिवसेनेने ८१. काँग्रेसची १२.४२ टक्के मते १०१ ठिकाणी पसरलेली होती, शिवसेनेची १२.३८ टक्के ८१ ठिकाणी. लढवलेल्या जागांपुरती सरासरी काढली तर काँग्रेसला दर ठिकाणी सुमारे ३५ टक्के मते पडतात आणि शिवसेनेला सुमारे ४४. हा हिशोब ढोबळ आहे, कारण प्रत्येक मतदारसंघाचा आकार आणि मतदान सारखे नसते. तरी चित्र समजायला तो पुरेसा आहे. हीच रीत राष्ट्रवादींना लावली तर अजित पवार यांच्या पक्षाची ५९ जागांवरची सरासरी ४४ टक्क्यांच्या आसपास येते आणि शरद पवार यांच्या पक्षाची ८६ जागांवरची सुमारे ३८.

दोन मोठ्या आघाड्यांत जवळपास एकास एक लढत असेल, तर ३५ टक्क्यांचा पक्ष बहुतेक ठिकाणी दुसरा येतो आणि ४४ टक्क्यांचा बहुतेक ठिकाणी पहिला. हे नऊ टक्क्यांचे अंतर कागदावर लहान दिसते. जागांमध्ये मात्र ते १६ आणि ५७ इतके होते, कारण दुसऱ्या क्रमांकाला आपल्या पद्धतीत काहीच मिळत नाही.

३५ टक्के म्हणजे हरण्याचीच टक्केवारी, असा नियम यातून कुणी काढू नये. २०१४ ची निवडणूक आठवा. त्या वर्षी युती तुटली, आघाडीही तुटली आणि भाजप, शिवसेना, काँग्रेस, राष्ट्रवादी असे चारही पक्ष एकमेकांविरुद्ध उभे राहिले. भाजपने २६० जागा लढवून २७.८१ टक्के मते मिळवली. लढवलेल्या जागांवरची सरासरी साधारण ३१ टक्के. एवढ्या मतांवर पक्षाचे १२२ आमदार आले, म्हणजे लढवलेल्या जागांपैकी ४७ टक्के. दहा वर्षांनी काँग्रेसला सरासरी ३५ टक्के मिळूनही १०१ पैकी १६ जागा. मते वाढली तर जागा वाढतील हे गृहीतकच इथे कोलमडते. तुम्हाला किती मते पडली याइतकेच, उरलेली मते एका माणसाकडे गेली की तीन माणसांत वाटली गेली यालाही महत्त्व असते. चौरंगी लढतीत ३१ टक्के पुरतात, दुरंगीत ४५ टक्केसुद्धा कधी कधी पुरत नाहीत.

भाजपचेच तीन निवडणुकांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की हे अधिक स्पष्ट होते. २०१४ मध्ये २७.८१ टक्के आणि १२२ जागा, २०१९ मध्ये २५.७५ टक्के आणि १०५, २०२४ मध्ये २६.७७ टक्के आणि १३२. राज्यभरातील टक्का दोनेक टक्क्यांच्या पट्ट्यात खालीवर झाला आहे. वरवर पाहिले तर पक्ष जागच्या जागी उभा आहे. पण लढवलेल्या जागा २६० वरून १६४ वर आणि तिथून १४९ वर आल्या, त्यामुळे त्या जागांवरची सरासरी ३१ वरून ४५ आणि मग जवळजवळ ५२ टक्क्यांवर गेली. मित्रपक्षांची मते आपल्या उमेदवाराकडे वळली की नाही हे या शेवटच्या आकड्यात दिसते. २०२४ मध्ये ती वळली होती, आणि १४९ पैकी १३२ हा राजकीय वार्ताहरांच्या भाषेतला ‘स्ट्राइक रेट’ त्याचाच परिणाम आहे. जागावाटपाच्या बैठका पहाटेपर्यंत का चालतात आणि एकेका जागेसाठी मित्रपक्ष रुसून का बसतात, हे या हिशोबावरून लक्षात यावे.

मग त्याआधी सहाच महिने झालेल्या लोकसभेचे काय? २०२४ च्या लोकसभेत महाराष्ट्रातील ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीने जिंकल्या होत्या, १७ महायुतीने आणि सांगलीची एक अपक्ष विशाल पाटील यांनी. त्या वेळी दोन्ही आघाड्यांच्या एकूण मतांत जवळपास फरकच नव्हता. दोघीही ४४ टक्क्यांच्या किंचित खाली होत्या. म्हणजे या पद्धतीचा फायदा तेव्हा महाविकास आघाडीला झाला होता, आणि तेव्हा तिच्या बाजूने कुणी टक्केवारीची तक्रार केल्याचे मला तरी आठवत नाही. नोव्हेंबरपर्यंत महायुतीच्या तीन मुख्य पक्षांची बेरीज ४८.१६ टक्क्यांवर गेली आणि महाविकास आघाडीच्या तीन पक्षांची ३३.६६ वर आली. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार रुपये, जातींची नवी जुळणी, आघाडीतील जागावाटपाचा घोळ अशी अनेक कारणे सांगितली जातात. त्यातले कोणते किती वजनाचे, हे मतपेटी सांगत नाही. मतपेटी फक्त इतके सांगते की शून्याच्या जवळ असलेले अंतर साडेचौदा टक्क्यांचे झाले.

आणि एवढे अंतर राज्यभर कमीअधिक सारखे पसरले की काय होते, यासाठी ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभापासून एक ठोकताळा सांगितला जातो. दोन पक्षांच्या मतांचे जे गुणोत्तर, त्याच्या घनाइतके त्यांच्या जागांचे गुणोत्तर असते. महायुती आणि आघाडी यांच्या मतांचे गुणोत्तर १.४३ येते, त्याचा घन २.९ च्या जवळपास. प्रत्यक्षात जागा २३० आणि ४६, म्हणजे गुणोत्तर पाच. घनाचा नियमही अपुरा पडला. तो दोनच पक्षांच्या देशासाठी मांडलेला होता, त्यामुळे तो इथे तंतोतंत लागू पडावा अशी अपेक्षाही नाही. पण मतांमधल्या लहान फरकाचे जागांमधल्या मोठ्या फरकात रूपांतर करणे हा या पद्धतीचा स्वभावच आहे, हे तो चांगले दाखवतो.

या स्वभावाचा दुसरा भाग म्हणजे मतविभाजन. २०२४ मध्ये राज्यात ४,१३६ उमेदवार रिंगणात होते, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी चौदाहून अधिक. मतदान यंत्राच्या एका बॅलट युनिटवर सोळा बटणे असतात आणि त्यातले एक ‘नोटा’साठी जाते, म्हणून उमेदवार पंधराच्या वर गेले की टेबलावर दुसरे युनिट जोडावे लागते. यातल्या बहुतेकांचे डिपॉझिट जप्त होते. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते पडली नाहीत तर खुल्या गटातील उमेदवाराचे दहा हजार आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराचे पाच हजार रुपये सरकारजमा होतात. तरी अर्ज भरले जातातच, कारण काहींना जिंकायचे नसते, कुणाला तरी पाडायचे असते.

माहीमची लढत याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ठाकरे यांच्या शिवसेनेचे महेश सावंत यांना ५०,२१३ मते, शिंदे यांच्या शिवसेनेचे सदा सरवणकर यांना ४८,८९७ आणि मनसेचे अमित ठाकरे यांना ३३,०६२. सावंत १,३१६ मतांनी जिंकले. पहिल्या तिघांच्या मतांची बेरीज केली तर विजेत्याकडे त्यातली ३८ टक्के आहेत आणि इतर दोघांकडे मिळून जवळपास ८२ हजार मते. मनसेचा उमेदवार नसता तर ती मते कुठे गेली असती, यावर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आजही दोन तट पडतात, आणि दोन्ही तट ठामपणे बोलतात. खरे उत्तर कुणाकडेच नाही. यंत्र दुसरी पसंती विचारत नाही. मनसेने राज्यात सव्वाशेच्या आसपास उमेदवार दिले, दीड टक्क्याच्या आसपास मते घेतली आणि एकही जागा मिळवली नाही. पण ती दीड टक्का मते प्रत्येक ठिकाणी निरुपद्रवी होती असे म्हणता येणार नाही.

कधी कधी मत फुटते ते मतदाराच्या मनातून नव्हे, तर बोटातून. लोकसभेला साताऱ्यात उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी जिंकले. पराभूत झालेले शरद पवार यांच्या पक्षाचे शशिकांत शिंदे यांचे चिन्ह होते ‘तुतारी वाजवणारा माणूस’. त्याच मतपत्रिकेवर एका अपक्षाला नुसत्या तुतारीसारखे वाद्य चिन्ह म्हणून मिळाले होते, ज्याला लोक पिपाणी म्हणू लागले, आणि त्या अपक्षाला ३७ हजारांवर मते पडली. ही सगळी मते चुकून पडली असे सिद्ध करता येत नाही. मात्र प्रचारात ज्याचे नावही ऐकू आले नाही अशा उमेदवाराला फरकाहून जास्त मते मिळावीत, ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून देणेही जड जाते. विधानसभेपूर्वी त्या चिन्हाचे मराठी नाव बदलून ‘ट्रम्पेट’ करण्यात आले. चिन्ह मात्र यादीत राहिले.

मतमोजणीच्या हॉलमध्ये हे सगळे कसे दिसते? सकाळी आठला टपाली मते मोजायला घेतात आणि अर्ध्या तासाने यंत्रांची मोजणी सुरू होते. साधारणपणे चौदा टेबले मांडलेली असतात; टेबल आणि उमेदवारांचे प्रतिनिधी यांच्यामध्ये जाळी असते. कर्मचारी कंट्रोल युनिटचे, म्हणजे यंत्राच्या मते साठवणाऱ्या भागाचे, सील आणि क्रमांक जाळीपलीकडच्यांना दाखवतो, ‘रिझल्ट’चे बटण दाबतो आणि पडद्यावर एकेका उमेदवाराचा आकडा उमटतो. प्रतिनिधी तो वहीत टिपतात. चौदा यंत्रे झाली की एक फेरी संपते. २०२४ मध्ये राज्यात १,००,१८६ मतदान केंद्रे होती, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी ३४८. चौदाने भागले की पंचवीसच्या आसपास फेऱ्या होतात. टीव्हीवर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर ‘आघाडीवर’ दिसणारा उमेदवार दुपारी मागे का पडतो, याचे कारण इथे आहे. केंद्रे ओळीने मोजली जातात, त्यामुळे सुरुवातीच्या फेऱ्यांत एकाच भागातील गावे किंवा वस्त्या येतात. जाणकार कार्यकर्ता आकड्याकडे नंतर पाहतो; आधी विचारतो, “कुठली गावं झाली?”

शेवटी चिठ्ठी टाकून पाच केंद्रे निवडतात आणि त्यांच्या व्हीव्हीपॅटमधल्या, म्हणजे मत कुणाला पडले ते छापणाऱ्या यंत्रातल्या, कागदी चिठ्ठ्या हाताने मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहतात. आधी मतदारसंघामागे एकच केंद्र तपासले जाई. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही संख्या पाच केली. २०२४ मध्ये २८८ मतदारसंघांत मिळून १,४४० व्हीव्हीपॅट तपासले गेले आणि कुठेही तफावत आढळली नाही, असे निवडणूक आयोगाने जाहीर केले.

तरीही शंका राहिल्या, आणि त्या नोंदवल्याशिवाय या निकालाची गोष्ट पुरी होत नाही. मतदानाच्या दिवशी संध्याकाळी पाचचा आकडा ५८.२२ टक्के होता आणि अंतिम आकडा ६६.०५. आयोगाचे म्हणणे असे की पाचचा आकडा केंद्रांवरून तोंडी आलेला अंदाज असतो, मतदान सहापर्यंत चालते आणि सहाला रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला चिठ्ठी देऊन नंतरही मतदान करू दिले जाते. विरोधकांनी ही वाढ आणि लोकसभेनंतर मतदारयादीत पडलेली लाखो नावांची भर या दोन्हींवर बोट ठेवले. सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीत तर गावकऱ्यांनी मतपत्रिकेवर स्वतःच फेरमतदान घ्यायचे ठरवले आणि प्रशासनाने ते थांबवले. गंमत अशी की ज्या माळशिरस मतदारसंघात हे गाव येते तिथे शरद पवार यांच्याच पक्षाचा उमेदवार निवडून आला होता. मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रत्येक केंद्रावर मतदान संपताच ‘१७ सी’ हा नमुना भरून त्याची प्रत हजर प्रतिनिधींना दिली जाते आणि त्यात त्या यंत्रात किती मते नोंदली गेली ते लिहिलेले असते. एक लाख केंद्रांचे ते कागद ज्या पक्षाकडे जमा आहेत, तो पक्ष संध्याकाळच्या टक्केवारीवर वाद घालत बसणार नाही. तो बेरीज मांडेल. पण अनेक केंद्रांवर पक्षांचे प्रतिनिधीच शेवटपर्यंत बसत नाहीत, हे मतदान केंद्रावर दिवस काढलेल्या कुणालाही विचारावे.

शेजारच्या गोव्यात हेच गणित लहान पाटीवर मांडलेले दिसते. तिथे विधानसभेच्या ४० जागा आणि मतदारसंघ इतके लहान की शेकड्यांत निकाल फिरतो. २०१७ मध्ये भाजपला साडेबत्तीस टक्क्यांच्या आसपास मते आणि १३ जागा मिळाल्या. त्याहून कमी मते मिळवून काँग्रेसने १७ जागा जिंकल्या, तरी सरकार भाजपच्या मनोहर पर्रीकर यांनी बनवले. २०२२ मध्ये भाजपची मते ३३.३१ टक्के, म्हणजे होती तिथेच, पण जागा थेट २०. दरम्यान आप, तृणमूल आणि रिव्होल्युशनरी गोवन्स यांनी विरोधी मतांचे तुकडे केले होते. रिव्होल्युशनरी गोवन्सला नऊ टक्क्यांच्या आसपास मते मिळून एकच जागा आली, सांत आंद्रेची, आणि तीही ७६ मतांनी.

महाराष्ट्रात पुढचा घटनाक्रम सरळ होता. बहुमताला १४५ लागतात. एकट्या भाजपकडे १३२ होते. मुख्यमंत्री कोण यावर काही दिवस खल झाला आणि ५ डिसेंबर २०२४ रोजी आझाद मैदानावर देवेंद्र फडणवीस यांचा शपथविधी झाला. अडचण विरोधी बाकांवर उभी राहिली. विरोधी पक्षनेतेपदासाठी एका पक्षाकडे सभागृहाच्या दहा टक्के, म्हणजे २९ आमदार असावेत, असा प्रघात सांगितला जातो. विरोधकांत सर्वाधिक मते काँग्रेसची होती आणि आमदार १६. ठाकरे यांच्या शिवसेनेची मते त्याहून पंधरा-सोळा लाखांनी कमी, पण आमदार २०. म्हणून त्या पदावर पहिला दावा मार्च २०२५ मध्ये भास्कर जाधव यांच्या नावाने त्या पक्षाने केला, आणि तोही २९ पासून नऊ आमदार दूर होता.